फिल्टरवरची प्रकृती

फिरायला कुठे जाता, असं देवासात कुणी विचारलं की मी "फिल्टरवर" म्हणायचे आणि नवीन माणूस हमखास गोंधळायचा. फिल्टरवर काय कुणी फिरायला जातं? पण आमच्या बाजूला त्या जागेचं नाव तेच पडलं होतं. नवऱ्याच्या कंपनीने क्वार्टर्सच्या मागे एक तळं तयार केलं होतं. तळं कसलं, क्वार्टर्समधल्या मोऱ्यांचं आणि स्वयंपाकघरांचं सांडपाणी आधी एका टाकीत निवळायचं, मग गिट्टीच्या वाफ्यांतून जायचं. वाफ्यांत पाणकणीस आणि कर्दळ लावलेली. त्यांच्या मुळांतून गाळून निघालेलं पाणी शेवटी दोन मोठ्या खड्ड्यांत साचायचं. खड्ड्यांना पाळ घातली, पाळीवर चालायला वाट केली, दोन-चार बाक टाकले, आणि थोड्याच वर्षांत तिथे पक्षी यायला लागले. ज्या गावात उन्हाळा आला की आम्ही बायका टँकरमागे बादल्या घेऊन पळायचो, त्या गावात बदकं मात्र ऐटीत पोहत होती, तीही आमच्याच मोरीच्या पाण्यात. मला याचा फार राग यायचा.

खरं सांगायचं तर त्या वर्षांत मला सगळ्याचाच राग यायचा, कारण मी कायम दमलेली असायचे. आठवडाभर शाळेत शिकवणं, नवऱ्याच्या शिफ्टा, मुलीचं कॉलेज. शनिवारी शाळा सुटली की तशीच बसस्टँडवर. देवासहून इंदूर, इंदूरला बस बदलून धार. धारला माझे वडील एकटे राहत होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. रविवारभर त्यांचं घर आवरायचं, डाळ-तांदूळ निवडून ठेवायचे, औषधं बघायची आणि संध्याकाळी तीच बस उलटी. घाटाबिल्लोद येईपर्यंत मी खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोपलेली असायचे. इंदूर आलं की कंडक्टर कानाशी ओरडायचा, "चलो भिया, उतरो!" साडी नेसलेल्या बाईला भिया म्हणतो मेला. पण त्याच्याशी भांडायचंही त्राण नसायचं.

भाऊ पुण्याला होता. तो फोनवर फार काळजी करायचा. "बाबांना त्यांच्या मनासारखं राहू दे गं," असं म्हणायचा. बस काही पुण्याहून सुटत नव्हती, त्यामुळे त्याला हे म्हणायला सोपं होतं.

वडिलांना भाऊ सोडून घरात सगळे नाना म्हणायचे. माझी मुलगीसुद्धा, पण ती हिंदीतला नाना म्हणायची, आईचे वडील म्हणून, आणि मी मराठीतला. एकाच शब्दात दोघींचं भागायचं. आमचं घराणं संस्थानच्या काळात कचेरीत होतं. नानांनीही पुढे सरकारी नोकरी केली, तीही सगळी हिंदीत. पण घरात पाऊल टाकलं की त्यांची मराठी पन्नास वर्षं मागे जायची. "अंमळ थांब", "जावईबापू कुशल आहेत ना?" असं बोलायचे. आमच्या जुन्या घरांत लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही पीत नसत. मूल झाल्यावर ती बंदी सुटते, पण नानांच्या मनातून काही ती सुटली नव्हती. माझी मुलगी कॉलेजात जायला लागली, तरी ते आमच्याकडे आले की स्वतःचा तांब्या बरोबर आणायचे आणि तिसऱ्या दिवशी परत जायची भाषा सुरू करायचे. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं.

एका पावसाळ्यात त्यांची छाती भरली. धारच्या डॉक्टरांनी सांगितलं, एकटे ठेवू नका. मी त्यांना जवळजवळ उचलूनच देवासला आणलं. "चार दिवसांसाठी," नानांनी रिक्षात बसता बसता मला बजावलं. दिवाळीपर्यंत खोकला उतरला, आणि आमच्या डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं. आता देवासात चालायला जायचं म्हणजे टेकडी, पण तिथल्या पायऱ्या नानांना झेपणाऱ्या नव्हत्या. एबी रोडवर ट्रकांचा धूर. शेवटी नवरा म्हणाला, "नाना, फिल्टरवर चला."

"जावईबापू," नाना म्हणाले, "सांडपाण्याच्या काठी हवा खायची?"

"वास बिलकुल नाही येत, नाना. एकदा चलून तर बघा."

नाना धारचे. धार म्हणजे तळ्यांचं गाव. तळं पाइपाने भरतात ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. तरी जावयाचा शब्द मोडायचा नाही म्हणून आले. फाटकाशी कंपनीने एक पाटी लावली होती, 'प्रकृति का ध्यान रखें'. नाना थांबले, चष्मा नीट केला आणि मोठ्याने वाचलं. "वा! कंपनी भलतीच अगत्यशील दिसते. दारातच आमच्या प्रकृतीची विचारपूस!"

हिंदीत प्रकृति म्हणजे झाडं-पानं, पशुपक्षी, निसर्ग, हे नानांना काय कळत नव्हतं? जन्म हिंदी फायलींत गेला होता. पण त्यांच्या मराठीत प्रकृती म्हणजे माणसाची तब्येत. त्यांचं प्रत्येक पत्र 'प्रकृतीस जपावे' असं संपायचं. आमच्या देवासच्या घरात मात्र सगळे तब्येतच म्हणायचे, नवराही, मुलगीही. मुलीला तर प्रकृतीचा हा दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता, आणि मला तो तिला सांगायचं कधी सुचलं नाही. त्या दिवसापासून नाना रोज फाटकातून आत शिरताना पाटीला म्हणायचे, "जपतोय बाबा, जपतोय."

मी तिथे पक्षी फार पाहिले असं म्हणणार नाही. शाळा दुपारची असल्यामुळे सकाळी तास-दीड तास मिळायचा. नाना एक फेरी मारायचे आणि मी बाकावर बसायचे. बसायचे म्हणजे डुलक्या काढायचे. नुसतं कुठेतरी बसून राहायला मिळणं, कुणी हाक मारत नाही, कुकर शिट्टी देत नाही, हेच मला पुरे होतं. मधूनच टिटवी ओरडायची आणि मी दचकून जागी व्हायचे. पाण्यावर धुकं असायचं. थापटे बदकं चमच्यासारखी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत असायची, आणि नाना पाठीमागे हात बांधून, मफलर गुंडाळून, पाहत उभे असायचे. महिन्याभरात त्यांची चाल सुधारली. पोळी एकाऐवजी दोन खायला लागले.

त्यांना तिथे सोबतीही मिळाला. शेव-नमकीनचं दुकान असलेले एक शेठजी रोज यायचे. त्यांचं ज्ञान एकाच वाक्याचं होतं, "देखो दादा, विदेशी पंछी! साइबेरिया से आया है।" बदक असो, बगळा असो, सगळं सायबेरियाहून आलेलं. एकदा नानांनी कुंपणावरच्या कावळ्याकडे बोट दाखवलं. "और ये, सेठजी? ये भी साइबेरिया का?"

"ना भिया," शेठजी अगदी गंभीरपणे म्हणाले, "ये तो अपना देवास का है।"

नाना इतके हसले की त्यांना खोकला आला. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या एका सकाळी त्यांनी मला बाकावरून उठवलं आणि पाणकणसाशेजारची बदकांची जोडी दाखवली. काळी चोच, बुडाशी लाल ठिपका, टोकाला पिवळा. "हळदीकुंकू," ते म्हणाले. "धारच्या तळ्यावर असायची. तुझी आई त्यांना सवाष्णी म्हणायची." मग जरा वेळाने, पाण्याकडे पाहतच म्हणाले, "तिच्याशिवाय करमत नाही गं अजून." मी त्यांचा हात धरला आणि आम्ही तसेच परत फिरलो.

मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. नानांनी आता आमच्याकडेच राहावं. मला ते शनिवार परत नको होते, ती बस नको होती, रात्री-बेरात्री वाजणारा फोन नको होता. पण मी हे त्यांना निराळ्या शब्दांत सांगायचे. "नाना, तुमची काळजी घेता येते इथे. तुमचं पथ्यपाणी होतं. तुम्हाला एकटं कसं सोडायचं?" प्रत्येक वेळी तुम्हाला, तुमचं, तुमच्यासाठी. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "माझं काय? मी ठणठणीत आहे. संक्रांत झाली की निघतो." संक्रांत झाली. मग म्हणाले, रंगपंचमी झाली की निघतो. रंगपंचमीपर्यंत फिल्टरवरची पाहुणी बदकं उडून गेली, आणि नानांना तेवढंच निमित्त पुरलं. "पाहुणे गेले. आता मीही निघावं. लेकीच्या घरी किती दिवस तळ ठोकायचा?"

मी चिडले. भांडी आपटली. "जा," म्हटलं, "लोक काय म्हणतील याचीच काळजी करा." नवऱ्याने मध्ये पडायचा प्रयत्न केला, त्यालाही बोलले. नाना शांतपणे स्वेटरची घडी करत होते. त्यांना वाटत होतं, आपण गेलो की लेकीवरचा भार हलका होईल. मला वाटत होतं, यांना माझ्या जिवाची काही पडलेली नाही. दोघंही आपापल्या जागी रडकुंडीला आलो होतो. रविवारी मी त्यांना धारला सोडून आले, आणि पुढच्या शनिवारपासून माझी बस परत सुरू झाली.

त्या वर्षी उन्हाळा भयंकर पडला. नळ आधी दिवसाआड झाले, मग आठवड्यात एकदा. क्वार्टर्समध्ये लोक ओल्या पंच्याने अंग पुसून कामावर जायला लागले. आता लोक आंघोळच करीनात, तर सांडपाणी कुठून येणार? फिल्टरचे वाफे वाळले, पाणकणीस पिवळं पडलं, तळ्याच्या बुडाला भेगा गेल्या. माझी मुलगी फार हळहळली. तिच्या कॉलेजात पर्यावरणाचा क्लब होता, आणि फिल्टरवरचे पक्षी दाखवायला तिने सगळ्या मैत्रिणींना आणलं होतं. टँकरचं थोडं पाणी तळ्यात सोडा म्हणून ती वडिलांच्या मागे लागली. वडिलांनी कंपनीत विचारलं. कंपनी म्हणाली, माणसांना प्यायला नाही, बदकांना कुठून देऊ? बरोबरच होतं म्हणा.

मे महिन्यात मी बोर्डाच्या कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, तपासायच्या ड्युटीवर होते. त्यामुळे दोन शनिवार धारला जाणं झालं नव्हतं. एका संध्याकाळी घरी आले, चपला काढल्या आणि फरशीवरच आडवी झाले. मुलगी म्हणाली, "आई, नानांचा फोन आला होता. प्रकृतीबद्दल विचारत होते."

"काय म्हणाले?"

"मी सांगितलं, सगळं सूखलं म्हणून. बेचारे बहुत दुखी झाले."

मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, इथे असताना सांडपाणी-सांडपाणी करत होते, आता आठवण येतेय तळ्याची. आणि तशीच झोपले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कॉप्या तपासून परत आले तर नाना आमच्या दाराच्या पायरीवर बसलेले. घराला कुलूप, नवरा ड्युटीवर, मुलगी कंप्यूटरच्या क्लासला. शेजारच्या लहान पोराने त्यांना पाणी आणून दिलं होतं, ते बाजूला तसंच होतं. मांडीवर कैऱ्यांची पिशवी, हातात मोरावळ्याची बरणी. उन्हाने चेहरा काळवंडला होता. मला पाहून ते उभे राहायला गेले आणि परत बसले.

"तू? तू चालत आलीस?"

"मग काय पालखीतून येऊ? नाना, या उन्हात तुम्ही कसे आलात? एकटे?"

"तुला उठायला कुणी सांगितलं? पोटात पाण्याचा थेंब नाही आणि तू रस्त्याने हिंडतेस? जावईबापू कुठे आहेत? डॉक्टरांनी हात वर केले म्हणून काय माणसं सोडून देतात?"

मला वाटलं, ऊन डोक्यात गेलं यांच्या. हाताला धरून आत नेलं तर अंग तापलेलं. पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. तर मलाच म्हणतात, आधी तू पी. तेवढ्यात मुलगी आली. नाना तिच्यावरच उखडले. "काय गं, काल फोनवर काय काय सांगितलंस मला?"

मग ते सगळं बाहेर आलं. नानांना दोन दिवस ताप होता. तेवढं कळवावं म्हणून त्यांनी फोन केला होता. लाइन खरखरत होती. ते म्हणाले, प्रकृती अंमळ नरम आहे. मग रीतीप्रमाणे विचारलं, तिकडची प्रकृती कशी आहे? मुलीला वाटलं, फिल्टरचं विचारतायत. ती म्हणाली, "बहुत खराब आहे, नाना. आता बचेल असं वाटत नाही." त्यांनी विचारलं, पाणी तरी जातंय का? ती म्हणाली, "पाणी तर बंदच आहे. एक बूंद नाही." नाना म्हणाले, अगं मग काही उपाय? "पप्पांनी खूप कोशिश केली," ती म्हणाली, "पण कंपनीने हात वर केले." आणि लाइन तुटली, ती परत लागलीच नाही. नानांना वाटलं, कंपनीच्या दवाखान्याने हात वर केले आणि लेक काही वाचत नाही. रात्रभर ते बसून राहिले, आणि पहाटेची पहिली बस धरली. अंगात ताप, छाती तशी, आणि इंदूरला त्या गर्दीत बस बदलून. येताना कैऱ्या कशाला, तर मला पन्हं करून पाजायला.

मुलीने कपाळावर हात मारला. "अरे बाप रे! नाना, प्रकृति म्हणजे नेचर ना!" मग ती हसायला लागली, नाना हसले, मीही हसले. पोट धरून हसले. आणि हसता हसता मला रडू फुटलं ते थांबेचना. माझं मलाच कळेना की हे काय चाललंय. मुलगी घाबरली. नाना जवळ येऊन बसले.

"काय होतंय तुला? खरं सांग."

"काही नाही झालं, नाना. आजारी नाहीये मी. दमलेय."

"किती?"

काय प्रश्न होता! इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलंच नव्हतं. "फार," मी म्हटलं. "मला आता धारला येववत नाही. बसमध्ये बसले की मळमळतं. तुम्ही तिथे असता आणि मी इथे कॉप्या तपासते, पण लक्ष सगळं फोनकडे. तुमच्यासाठी नाही म्हणत मी. तुम्ही राहाल हो ठणठणीत. मला जमत नाहीये. माझ्यासाठी राहा."

नानांनी मुलीला हाक मारली, कैऱ्या उकडायला ठेव म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "तू आजारी असशील तर गोष्ट निराळी. लेक आजारी असली तर बाप तिच्या घरी राहतो, त्याला कोण काय म्हणेल? तुला बरं वाटेपर्यंत थांबतो. बरं वाटलं की त्याच दिवशी निघेन, आधीच सांगून ठेवतो."

"बरं," मी म्हटलं.

पाऊस पडला, नळ सुरळीत झाले, क्वार्टर्समध्ये लोक परत दोन-दोन बादल्या ओतून घ्यायला लागले आणि फिल्टर भरला. पाणकणीस हिरवं झालं. नाना आणि मी परत पाळीवर जायला लागलो. हिवाळे आले-गेले, बदकं आली-गेली. नानांची फेरी हळूहळू अर्धी झाली, मग बाकापर्यंतच. मी काही तिथे डुलक्या काढणं सोडलं नाही. पण रोज, न चुकता, बाकाशी पोचलं की ते विचारायचे, "काय गं, आज बरं वाटतंय का?"

"नाही नाना, अजून नाही."

"मग राहतो आणखी चार दिवस," असं म्हणून ते बसायचे. मी खोटं बोलत होते असंही नाही. शाळा होती, घर होतं, आता नानांची औषधं, पथ्य, रात्रीचं उठणं, सगळं माझ्याच अंगावर होतं. दमणं काही संपलं नव्हतं. फक्त बसचा फेरा सुटला होता.

शेवटी शेवटी त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. भाऊ पुण्याहून आला होता, बाहेर डॉक्टरांशी बोलत होता. नानांचा आवाज गेल्यातच जमा होता. त्यांनी खुणेने मला जवळ बोलावलं. मी वाकले. त्यांनी डोळे उघडले आणि अगदी हळू विचारलं, "बरं वाटतंय का गं आता?"

"नाही नाना," मी म्हटलं. "अजून नाही. थांबा."